अम्मींचा पहिला विमानप्रवास

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही केरळला जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी, माझे शौहर, दोन मुले आणि माझ्या अम्मी. अम्मींनी सत्तरी ओलांडली, पण विमानात कधी पाऊल ठेवले नव्हते. अब्बा तीस वर्षे जहाजावर खलाशी होते. त्यांनी जगातली बंदरे पाहिली, अम्मींनी मात्र दापोलीजवळच्या आमच्या गावात बसून त्यांची वाट पाहिली. अब्बांच्या इंतकालाला आता चार वर्षे झाली. त्यांची सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, मनगटी घड्याळ, तस्बीह आणि एक फोटो अम्मी एका हिरव्या रेक्झिनच्या बॅगेत ठेवतात. घरात असोत की प्रवासात, ती बॅग त्यांच्यापासून दूर होत नाही. या प्रवासात त्या बॅगेवरून मला जे शिकायला मिळाले ते सांगावेसे वाटले, म्हणून हा लेख. पहिल्यांदाच विमानाने जाणाऱ्या भगिनींना उपयोगी पडतील अशा काही गोष्टीही सोबत सांगते.

सामान भरण्यापासूनच सुरुवात करू. केरळात खोबऱ्याला काय तोटा, पण अम्मींनी सवयीने सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बांधल्याच होत्या. त्या काढून ठेवाव्या लागल्या. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असते, ते लवकर पेट घेते, म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत चालत नाही. कात्री, सुरी, अडकित्ता हे वजन करून देण्याच्या सामानात टाकावे. काडेपेटी आणि लायटर मात्र घरीच बरे. रोजची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा आणि ओळखपत्र नेहमी हातातल्या बॅगेत असावे. वजनाच्या सामानाला उशीर झाला किंवा ते हरवले, तरी ब्लडप्रेशरची गोळी चुकता कामा नये.

तिकिटावर टर्मिनल कोणते आहे ते आधी वाचा. मुंबईत टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला आहे आणि टर्मिनल २ सहारला. चुकीच्या ठिकाणी उतरलात तर तेवढ्या गर्दीत वळसा घालून जाणे जिवावर येते. देशातल्या देशात जायचे असेल तर दोन तास आधी पोहोचावे. सामान घेण्याची खिडकी साधारणपणे विमान सुटण्याच्या एक तास आधी बंद होते आणि आत जाण्याचे गेट पंचवीस मिनिटे आधी. एस.टी. हात दाखवून थांबवता येते, विमान नाही. ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगून ठेवावे.

एवढी तयारी करूनही आमची फजिती झालीच. सामान देऊन आम्ही आत जाऊन बसलो, तोच ध्वनिक्षेपकावर माझ्या शौहरांचे नाव पुकारले गेले. मुलाने त्याची पॉवर बँक कपड्यांच्या मोठ्या बॅगेत टाकली होती. ती सर्वांसमोर उघडून काढावी लागली. मुलगा म्हणाला, “अम्मी, एवढीशी वस्तू, काय होतंय?” त्याचे उत्तर दक्षिण कोरियातल्या बुसान शहराने दिलेले आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी तिथल्या विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानात, डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यातून आग लागली. विमान जमिनीवरच होते, म्हणून आतली सर्व १७६ माणसे बाहेर पडू शकली. तपासात संशयाची सुई पॉवर बँकेकडे गेली. अशी आग माणसांसमोर लागली तर निदान दिसते, विझवता येते. खाली सामानाच्या कोठारात लागली तर कोण पाहणार? म्हणून पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, जवळ ठेवायची. १०० वॅट-अवरपर्यंतची चालते. बाजारात मिळणारी वीस हजार एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-अवरची असते.

विमानात अम्मींना खिडकी दिली. त्यांनी ती हिरवी बॅग मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरली. हवाई सुंदरी आली आणि नम्रपणे म्हणाली, “अम्मा, बॅग सामने की सीट के नीचे रख दीजिए।” अम्मींनी मान हलवली आणि बॅग आणखी घट्ट धरली. ती मुलगी पुन्हा आली. अम्मी मला म्हणाल्या, “बेटा, हिला सांग, यात तुझ्या अब्बांच्या वस्तू आहेत.” मी समजावले, बॅग खाली सरकवली, पण अम्मींचा चेहरा उतरला.

मग सूचना सुरू झाल्या. पट्टा कसा लावायचा, मास्क कसा ओढायचा, जॅकेट कुठे आहे. आमच्या रांगेत मुलाच्या कानात इअरफोन, शौहरांच्या हातात वर्तमानपत्र आणि मी मोबाईलवर शेवटचा मेसेज टाईप करत होते. एकट्या अम्मी एकटक बघत होत्या. सूचना संपल्यावर त्यांनी मला विचारले, “तुझ्या वर्गात मुलं अशी बसली तर चालेल का तुला?”

वीस वर्षे शिकवते आहे. असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

अम्मी सांगू लागल्या, “तुझे अब्बा म्हणायचे, जहाजावर ड्रिलची घंटा झाली की हातातलं काम टाकून जॅकेट बांधायचं. जेवत असलो तरी ताट सोडून उठायचं. नवीन पोरं हसायची. जुना खलाशी कधी हसत नसे. दुआही करायची आणि जॅकेटही बांधायचं.”

मग त्यांना एक गोष्ट खटकली. “ती म्हणाली, आधी आपला मास्क लावा, मग मुलाचा. कोणती आई असं करेल?” मी सांगितले की पस्तीस हजार फुटांवर हवा इतकी विरळ असते की आतला हवेचा दाब गेला तर माणूस साधारण अर्धा ते एक मिनिटच नीट शुद्धीवर राहतो. मुलाचा मास्क लावता लावता आईच बेशुद्ध पडली, तर दोघांचेही मास्क राहतील. आईने आपला लावला की मुलाला वाचवायला ती शिल्लक राहते. अम्मींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “खरं आहे. बुडणारा बुडणाऱ्याला काढत नाही.”

घरी परतल्यावर मी या सूचनांमागची कारणे शोधून वाचली. एकेका वाक्यामागे माणसे गेली आहेत. जॅकेटमध्ये हवा विमानाच्या बाहेर पडतानाच भरा, असे का सांगतात? २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अपहरण झालेले इथिओपियाचे एक विमान इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरले. आतल्या १७५ जणांपैकी १२५ जणांचा मृत्यू झाला. अनेकांनी घाबरून आतच जॅकेट फुगवले होते. पाणी शिरले तेव्हा ते छताकडे उचलले गेले आणि दारापर्यंत पोहोचू शकले नाहीत. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी सीट सरळ करायला लावतात, कारण मागच्याला बाहेर पडायला वाट हवी. खिडकीचा पडदा सहसा वर ठेवायला सांगतात, म्हणजे बाहेर आग आहे की नाही हे दिसते. रात्री दिवे मंद करतात, म्हणजे डोळ्यांना अंधाराची सवय आधीच झालेली असते.

आणि बॅग? २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारे एक मोठे प्रवासी विमान धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेटले. तटरक्षक विमानातल्या सहांपैकी पाच जण दगावले. पण प्रवासी विमानातली सर्वच्या सर्व ३७९ माणसे जिवंत बाहेर आली. त्यांच्यात लहान मुले होती, म्हातारी माणसे होती. आतला ध्वनिक्षेपक बंद पडला होता, फक्त तीन दारे वापरता आली. तरी लोकांनी कर्मचाऱ्यांचे ऐकले आणि सामान जागेवर सोडले. प्रत्येकाने वरचा कप्पा उघडून आपली बॅग शोधली असती तर? मोठे विमान वापरात आणण्यापूर्वी कंपनीला हे सिद्ध करावे लागते की अर्धीच दारे वापरून सर्व माणसे नव्वद सेकंदांत बाहेर पडू शकतात. त्या नव्वद सेकंदांत बॅगेचा हिशेब धरलेला नसतो. एकाने बॅग ओढली की मागची रांग थांबते.

तर आमचे विमान दक्षिणेकडे निघाले. डाव्या खिडकीतून किनारा दिसत होता, खाड्या चकाकत होत्या. अम्मी बराच वेळ बघत राहिल्या. “यातली आपली कोणती?” मला सांगता आले नाही. त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं मी खालून बघत होते.” उतरताना त्यांचे कान दुखू लागले. त्यासाठी लिमलेटची गोळी चघळावी, आवंढा गिळावा. बाळ असेल तर त्या वेळी दूध पाजावे.

कोचीचा विमानतळ नेडुंबश्शेरी येथे आहे. परदेशात राबणाऱ्या केरळी लोकांनी त्याच्या उभारणीसाठी पैसा घातला आणि १९९९मध्ये तो सुरू झाला. ऑगस्ट २०१५पासून तो पूर्णपणे सौरऊर्जेवर चालतो. तिथून आम्ही कोडुंगल्लूरची चेरामन जुमा मशीद पाहिली. ती इ.स. ६२९मध्ये बांधली गेली अशी परंपरा सांगते. फोर्ट कोचीला चिनी जाळी पाहिली. बोटीत चढताना अम्मींनी पहिला प्रश्न विचारला, “जॅकेटं कुठे आहेत?” बोटवाल्याने दाखवल्यावरच त्या बसल्या. याच केरळात तानूर येथे मे २०२३मध्ये पर्यटकांची बोट उलटून २२ जण बुडाले होते. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरली होती. अम्मींना ही बातमी ठाऊक नव्हती, अब्बांची शिस्त ठाऊक होती.

परतीला विमान अडीच तास उशिरा होते. लोक खिडकीवर आरडाओरडा करत होते. आपला हक्क माहीत असला की आवाज चढवावा लागत नाही. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला, तर वेळेवर हजर झालेल्या प्रवाशांना कंपनीने खाणेपिणे द्यायचे असते. उशीर सहा तासांपेक्षा जास्त असेल तर दुसरे विमान किंवा तिकिटाचे पैसे मागता येतात. कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना मात्र सूट असते. मी शांतपणे विचारले, थोड्या वेळाने सर्वांना नाश्ता मिळाला.

विमानात बसल्यावर मी अम्मींची बॅग घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती स्वतःच समोरच्या सीटखाली सरकवली होती. मग ओढणी सावरत त्यांनी कुर्त्याचा आतला खिसा मला दाखवला. त्यात अब्बांचा फोटो होता. “बाकी सगळं राहिलं तरी चालेल,” त्या म्हणाल्या.

सूचना सुरू झाल्या. मी मोबाईल बंद केला. मुलाने माझ्याकडे बघून इअरफोन काढले. मागे वळून सर्वांत जवळचे दार किती रांगांवर आहे ते आम्ही मोजले. सहा रांगा.

भगिनींनो, सुट्टीत तुम्हीही जा, मुलांना, म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन जा. निघण्यापूर्वी एवढे करा. जी वस्तू सोडवणार नाही ती अंगावरच्या खिशात ठेवा, म्हणजे वेळ आली तर बॅग सोडताना हात अडणार नाही. आणि ती मुलगी पुढे उभी राहून बोलू लागली की तीन-चार मिनिटे तिच्याकडे बघा. अल्लाह करो, तिने सांगितलेले कधी वापरायची वेळ न येवो.