बर्लिनच्या गल्ल्यांतील यहुदी प्रार्थनास्वर

बर्लिन शहराच्या मध्यभागीं ओरानियेनबुर्गर नांवाचा रस्ता आहे. त्यावरून जाणाऱ्या प्रवाशाची दृष्टि घरांच्या रांगेवर उठलेल्या एका सोनेरी घुमटावर खिळते. हें यहुदी लोकांचें ‘नवें प्रार्थनामंदिर’. इ. स. १८६६ च्या सप्टेंबरांत तें उघडलें, तेव्हां त्यांत सुमारें ३,२०० माणसांची बसण्याची सोय होती. घुमट पाहून आम्ही मोठ्या अपेक्षेनें आंत गेलों. परंतु मागील बाजूस पाहतों तों मुख्य सभागृहाच्या जागीं मोकळें अंगण! नोव्हेंबर १९४३ मध्यें बाँबवर्षावानें हें सभागृह उद्ध्वस्त झालें व त्याचे अवशेष १९५८ सालीं पाडण्यांत आले. दर्शनी भाग मात्र पुन्हा उभारला असून १९९५ पासून तो लोकांस खुला आहे.

ह्या सभागृहाचें वैभव केवळ डोळ्यांचें नव्हतें. लुई लेवांडोव्स्की (१८२१–१८९४) हा थोर संगीतकार येथील वृंदगायनाचा प्रमुख होता. हज्जानानें, म्हणजे प्रार्थना गाणाऱ्या उपाध्यायानें, आळवावयाच्या जुन्या सुरावटींस त्यानें चार आवाजांच्या समूहाची व ऑर्गनची जोड दिली. त्याच्या रचना स्वरलिपींत छापलेल्या असल्यामुळें टिकल्या व देशोदेशींच्या मंदिरांत अजून गाइल्या जातात.

परंतु वाचकहो, स्वरलिपि म्हणजे गाणें नव्हे. ज्यांच्या घरीं वेदपठणाची परंपरा आहे, त्यांस हें निराळें सांगावयास नको. पोथींत अक्षरें राहतात. श्वास कोठें घ्यावा, कोणता स्वर किती लांबवावा, हें गुरुमुखांतूनच कळतें. तीं मुखेंच नाहींशीं झालीं तर? बर्लिनमध्यें नेमकें तेंच झालें. १९३३ च्या आरंभीं येथें सुमारें १,६०,००० यहुदी राहत होते. त्यांपैकीं ५५,००० हून अधिक नाझींकडून मारले गेले. इतर बहुतेक देशोधडीस लागले.

मग त्या पिढीचा आवाज आज कोठें ऐकावा? येथून जवळच, योहानिस रस्त्यावर, सुधारक पंथाच्या यहुद्यांचें मंदिर होतें. संगीतप्रमुख हेर्मान शिल्डबर्गर ह्यांच्या देखरेखीखालीं तेथील उपासनासंगीत १९२८ ते १९३० च्या सुमारास ग्रामोफोनच्या तबकड्यांवर उतरविलें गेलें. तें वांचलें, व पुढें तेल अवीव येथील संग्रहालयानें पुन्हा प्रसिद्ध केलें.

आणखी कांहीं गल्ल्या ओलांडल्या कीं जुना ग्रेनाडीर रस्ता लागतो. त्याचें सध्याचें नांव आल्मश्टाट. तेथें हिर्श लेविन ह्यांचें हिब्रू पुस्तकांचें दुकान होतें. १९३२ पासून ते ‘सेमर’ ह्या नांवानें प्रार्थनागीतांच्या व लोकगीतांच्या तबकड्या काढीत. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्रीं नाझी गुंडांनीं दुकान फोडून सुमारें ४,५०० तबकड्या व २५० धातूचे ठसे नष्ट केले. ठसा गेला कीं नवी प्रत काढणें कठीण. तथापि जें दुकानांत एकत्र होतें तें गेलें, पण गिऱ्हाइकांनीं घरोघर नेलेलें, निर्वासितांच्या पेट्यांतून परदेशीं गेलेलें, तें उरलें. रायनर लोत्स ह्या जर्मन संग्राहकानें सहकाऱ्यांसह देशोदेशींहून अशा तबकड्या मिळवून त्या काळच्या बर्लिनमधील यहुदी संगीताचा मोठा संच २००१ सालीं प्रसिद्ध करविला.

त्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख मुख्यत्वें हिंदुस्थानांतून जाई. इतका तरी आपला हात त्या ठेव्यास लागला आहे. आपल्या कोकणांतील बेने इस्रायल समाजांत हिब्रू प्रार्थनेबरोबर मराठी कीर्तनाचीही परंपरा आहे. समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेल्यामुळें तिलाही जपणारे हात हवे आहेत. ज्यांच्या माळ्यावर जुन्या तबकड्या असतील, त्यांनीं त्या एकमेकींवर न रचतां उभ्या ठेवाव्या व गायकाचें नांव आणि साल लिहून ठेवावें. वडील माणसांचें स्तोत्रपठण त्यांच्या हयातींतच मुद्रित करावें आणि त्याच्या प्रती चार आप्तांच्या घरीं द्याव्या. बर्लिनच्या त्या दुकानांतील गीतें अशाच परक्या घरीं ठेविलेल्या प्रतींमुळें आज आपल्या कानीं पडत आहेत.