भाडे थकण्याआधीची वसुली

इंग्लंडमध्ये घर भाड्याने देणाऱ्यांत आज मराठी कुटुंबेही आहेत. भाडेकरू सरकारी मदतीवर जगणारा असला आणि भाडे थकले, की घरमालक पहिल्यांदा विचारतो तो दाव्याबद्दल. प्रश्न रास्त आहे, पण तो पडेपर्यंत फार उशीर झालेला असतो. तिथला भाडेकायदा आणि सरकारी मदतीचे नियम हे माझ्या कामाचे क्षेत्र. त्यावरून माझे ठाम मत असे आहे, की अशा भाडेकरूकडून मागाहून वसुली जवळजवळ होतच नाही. भाड्याच्या रकमेला पहिल्या महिन्यापासूनच सरळ वाट करून द्यावी लागते. इंग्लंडमधले नियम मात्र ती वाट बहुतेक वेळा थकबाकी वाढल्यावरच उघडतात.

मागाहून वसुली का होत नाही, ते आधी पाहू. भाड्यापोटी भाडेकरूचे सामान जप्त करण्याचा जुना हक्क राहत्या घरांच्या बाबतीत 6 एप्रिल 2014 पासून संपला. कोर्टाचा हुकूमनामा मिळाला, तर पगारदाराच्या पगारातून हप्ता कापण्याचा आदेश मिळवता येतो. सरकारी मदत हा पगार नसल्याने तिला तो आदेश लागू होत नाही. त्यातून कर्ज फारच वाढले, तर गरीब कर्जदार कर्जमुक्तीचा आदेश मागू शकतो. त्याचे शुल्क 2024 मध्ये रद्द झाले, कर्जाची मर्यादा 50 हजार पौंडांवर गेली आणि थकलेले भाडेही या कर्जात धरले जाते. साधारणपणे बारा महिने सरले, की ते कर्ज माफ होते. या तरतुदींना मी अन्याय्य म्हणणार नाही. आपल्याकडेही दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 सरकारी निवृत्तिवेतनाला जप्तीपासून वाचवते. जगण्यापुरता पैसा धनकोच्या हाती पडू नये, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे घरमालकाच्या हातात निकाल पडतो, पैसा पडत नाही.

मग उरते ती मदतीतूनच थोडी थोडी कपात. पंचविशी ओलांडलेल्या एकट्या माणसाला युनिव्हर्सल क्रेडिट या तिथल्या मुख्य सरकारी मदत योजनेत 2025-26 साली मूळ भत्ता महिन्याला 400.14 पौंड होता. समजा भाडे 800 पौंड आहे आणि दोन महिन्यांचे, म्हणजे 1,600 पौंड थकले आहेत. भत्त्याच्या दहा टक्के कापले तर महिन्याला 40 पौंड मिळतात आणि थकबाकी फिटायला चाळीस महिने लागतात. एप्रिल 2025 पासून सगळ्या कपातींची एकत्रित मर्यादाही सर्वसाधारणपणे 25 वरून 15 टक्क्यांवर आली आहे. त्यात आणखी एक विसंगती आहे. घरभाड्याचा वाटा थेट आपल्या खात्यात यावा अशी मागणी खासगी घरमालकाला सामान्यतः दोन महिन्यांचे भाडे थकल्यावर करता येते. भाडेकरू सतत कमी भरत राहिला आणि महिन्याभराची थकबाकी झाली, किंवा व्यसनासारखी गंभीर अडचण असली, तरच त्याआधी. आणि ज्या थकबाकीवर न्यायाधीशाला ताबा द्यावाच लागतो, तीही कित्येक वर्षे दोनच महिन्यांची होती. म्हणजे मदतीचे दार उघडायचे तेव्हाच घराबाहेरचेही उघडायचे. 2025 च्या भाडेकरू हक्क कायद्याने ताब्याची ही मर्यादा 1 मे 2026 पासून तीन महिन्यांवर नेली. त्यामुळे मधे एक महिना मिळाला, पण मूळ दोष राहिलाच.

तो दोष असा, की भाड्याचा पैसा भाडेकरूच्या हाती द्यायचा, हे धोरण खासगी घरांसाठी 2008 मध्ये देशभर आले आणि 2013 पासून युनिव्हर्सल क्रेडिटने ते सामाजिक, म्हणजे नगरपालिका वा गृहसंस्थांच्या, घरांतही नेले. पहिला पैसा मिळायला साधारण पाच आठवडे लागतात. भाड्याची तारीख मात्र तितके थांबत नाही. स्कॉटलंडमध्ये 2017 पासून भाडेकरूला स्वतःच निवड करता येते, की पैसा थेट घरमालकाला जावा. उत्तर आयर्लंडमध्ये तो मुळातच थेट जातो. एकाच देशात, एकाच योजनेत हे शक्य असेल, तर इंग्लंडमधल्या भाडेकरूला ती निवड नाकारण्याचे सबळ कारण मला दिसत नाही.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, थेट पैसे दिल्याने माणूस जबाबदारी विसरतो. पण आपण होऊन केलेली निवड ही जबाबदारीच आहे; पगारदारही भाडे बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करतो आणि त्याला कोणी बेजबाबदार म्हणत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: घरमालक दुरुस्ती करत नसेल, तर भाडेकरूचा उरलासुरला दबावही जातो. म्हणूनच निवड भाडेकरूची असावी आणि ती मागे घेता यावी. तिसरा आक्षेप घरमालकांचा: अशा माणसांना घर देऊच नये. पण मदत घेणाऱ्यांना सरसकट नाकारणे हा बेकायदा भेदभाव असल्याचे यॉर्कच्या कोर्टाने 2020 मध्येच म्हटले होते, आणि नव्या कायद्याने त्यावर स्पष्ट बंदी घातली आहे. भाडे आणि मदत यांतली तूट मात्र थेट भरण्याने भरत नाही. खासगी घरासाठी मदत किती मिळेल हे ठरवणारे स्थानिक भाडे-भत्त्याचे दर 2024 मध्ये वाढवून पुन्हा गोठवले गेले, आणि त्याचे उत्तर सरकारनेच द्यायचे आहे.

तोवर घरमालकाने पहिला हप्ता चुकताच भाडेकरूशी बोलावे, मदतीचा अर्ज कुठे अडला आहे ते विचारावे, जमेल तेवढ्या हप्त्याचा लेखी करार करावा आणि नियमात बसताच थेट भरण्याचा अर्ज द्यावा. सरकारने ती सोय पहिल्या दिवसापासून भाडेकरूच्या इच्छेवर सोपवावी. घरमालकाचे भाडे आणि भाडेकरूचे छप्पर ही दोन हिते एकमेकांविरुद्ध नाहीत. नियमांच्या उशिरामुळे ती कोर्टात समोरासमोर उभी राहतात, आणि हा उशीर टाळता येण्याजोगा आहे.