संकेतस्थळाचा अहवाल लिहिताना

स्मरणिकेच्या या वर्षात संस्थेने जी अनेक कामे हाती घेतली, त्यांतील एक फारसे कुणाच्या नजरेत भरणारे नव्हते. विद्यालयाच्या संकेतस्थळाची पाहणी करून सुधारणा सुचविणारा लेखी अहवाल तयार करावा, असे कार्यकारी मंडळाने ठरविले आणि ते काम माझ्याकडे सोपविले. मी संगणकाचा जाणकार नाही. इतिहासाचा शिक्षक आहे. तरीही हे काम मी आनंदाने स्वीकारले, कारण अहवाल लिहिणे ही आपल्या चळवळीची जुनी विद्या आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर शिक्षण आयोगाला दिलेले निवेदन मी दरवर्षी माझ्या विद्यार्थ्यांना समजावून सांगतो. शाळा चालविल्याचा स्वतःचा अनुभव ते आधी सांगतात. महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी होतो, हे दाखवून देतात. मग थेट सूचना करतात : वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, प्रशिक्षित शिक्षकाला दरमहा किमान 12 रुपये द्यावेत, मुलांना मोडी, बालबोध, हिशेब, शेती व आरोग्य शिकवावे. पगाराचा आकडासुद्धा लिहून देणारा माणूस सूचना अमलात यावी म्हणूनच लिहीत असतो.

बाबासाहेबांनी ही पद्धत अधिक काटेकोर केली. 12 मार्च 1927 रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी प्राथमिक शिक्षणातील तफावत आकड्यांनी मांडली : दर हजार लोकसंख्येमागे प्रगत हिंदूंचे 119 विद्यार्थी, तर मागासवर्गाचे अवघे 18. 29 मे 1928 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला दिलेले शिक्षणविषयक निवेदनही आकड्यांवरच उभे आहे. पुढे ज्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते, तिच्या 1930 च्या अहवालात वसतिगृहे व शिष्यवृत्त्या वाढविण्याची शिफारस आहे. वसतिगृहाच्या छपराखाली शिकलेल्या आपल्यासारख्यांनी अहवालाला रुक्ष कागद समजू नये.

या वाचनातून मी चार प्रश्न काढले आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. काय आढळले? त्यामुळे नेमके कोणाचे अडते? उपाय कोणता? तो कोणी, किती दिवसांत करावयाचा?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपला परिसर डोळ्यांसमोर ठेवावा लागला. अंकुशनगरची ओळख समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे आहे. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि चैत्र जवळ येईपर्यंत चालतो. या काळात तोडणीच्या टोळ्या इथे येतात, तशीच आपल्या जिल्ह्यातील कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुलाला निवासी शाळेत ठेवण्याची खरी गरज याच पालकांना असते आणि शाळेच्या फलकावरची सूचना नेमकी यांनाच दिसत नाही. त्यांच्यासाठी हातातला मोबाइल हेच शाळेचे फाटक. म्हणून कार्यालयातील संगणकावर संकेतस्थळ पाहून मी थांबलो नाही. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर जाऊन त्यांच्याच फोनवर ते उघडावयास सांगितले.

एका माऊलीने बराच वेळ वाट पाहिली आणि म्हणाली, "सर, नुसतं गोल गोल फिरायलंय. आमच्या पोरीला घेतेत का, तेवढंच सांगा."

अहवालातील पहिले प्रकरण त्या एका वाक्यावर उभे राहिले. पहिल्याच पानावर मोठमोठी छायाचित्रे एकामागून एक सरकत होती आणि ती उतरेपर्यंत पुढचे काही दिसत नव्हते. प्रवेशाची सूचना तीन पाने आत होती आणि तीही कागदाचा फोटो काढून लावलेली. अशा फोटोतील अक्षरे शोधयंत्राला सापडत नाहीत. आपल्या एका दृष्टिहीन माजी विद्यार्थ्याला मी ते पान ऐकून पाहावयास सांगितले. त्याच्या फोनमधील वाचकाने फक्त "चित्र" एवढाच शब्द उच्चारला. काही जुनी पाने युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली होती. ती मोबाइलवर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उमटत होती. उपाय खर्चाचे नाहीत. सूचना युनिकोड मराठीत टंकाव्यात, छायाचित्रे लहान करावीत आणि पहिल्या पानावर चारच गोष्टी ठेवाव्यात : प्रवेश, वसतिगृह, शिष्यवृत्ती व संपर्क. संपर्काचा क्रमांक बोट लावताच लागणारा असावा, कारण ज्याला वाचता येत नाही त्याला बोलता येते.

दुसरे प्रकरण लिहिताना मात्र हात जड झाला. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलामुलींची यादी नाव, जात, मोबाइल व बँक खात्याच्या क्रमांकांसह सर्वांना खुली होती. हेतू पारदर्शकतेचा होता, यात शंका नाही. परंतु उद्या यातली एखादी मुलगी पुण्यात भाड्याने खोली शोधील, तेव्हा घरमालकाने तिचे नाव शोधताच तिची जात आधी समोर येईल. आपल्या मुलांना कागदावर जात लिहावी लागते ती हक्कासाठी. ती चव्हाट्यावर टांगण्याचा अधिकार शाळेला नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक मानली आहे. या शिफारशीपुढे मुदतीच्या रकान्यात मी "आजच" असे लिहिले. सचिवांनी अहवाल पुरा होण्याची वाट न पाहता त्याच संध्याकाळी ती यादी उतरविली.

तिसरे प्रकरण मालकीचे. संकेतस्थळाचे नाव एका उत्साही माजी विद्यार्थ्याने स्वतःच्या नावे व स्वतःच्या खिशातून नोंदविले होते. त्याचे ऋण मोठे आहे. पण हे नाव ठरावीक मुदतीने नूतनीकरण करून घ्यावे लागते. ते राहून गेले, तर दुसरा कोणीही ते घेऊ शकतो. जमिनीचा सातबारा संस्थेच्या नावे असावा, तसेच हे नावही असावे आणि त्याच्या किल्ल्या किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असाव्यात.

बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी हरकत घेतली. संस्थापकांची छायाचित्रे पहिल्या पानावरून हलविणे हा त्यांचा अनादर होईल, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या भावनेचा मान राखून मी सुचविले की संस्थापकांसाठी स्वतंत्र पान असावे. त्यात स्थापनेची कागदपत्रे, पहिल्या तुकडीची हजेरी, जुन्या स्मरणिका तारखांसह याव्यात. ज्यांनी दारिद्र्यात शाळा उभारली, त्यांना आपल्या तसबिरीमुळे एखाद्या मजुराचा फोन अडलेला आवडला नसता. चर्चा लांबली, पण सूचना एकमताने मान्य झाली.

शेवटचे कोष्टक अर्ध्या पानाचे आहे : काम, जबाबदार व्यक्ती, तारीख. कोप्यांवरील फोनवर दरवर्षी हंगामात पुन्हा पाहणी करावी, ही त्यातील शेवटची ओळ.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींना एक विनंती. आपल्या पेटीत शाळेचे जुने पत्र, गुणपत्रक वा छायाचित्र असेल, तर त्यामागे साल व माणसांची नावे लिहून त्याची प्रत संस्थेकडे पाठवावी. पालकांनी संकेतस्थळ आपल्या फोनवर उघडून पाहावे आणि जे दिसत नाही ते निःसंकोच कळवावे. तुमची तक्रार पुढच्या अहवालाचे पहिले वाक्य होईल.

जय भीम.