रविवारची तयारी

रविवार हा माझा सगळ्यात दमवणारा वार होता. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली, कारण रविवारचं काम देवाचं होतं.

मी नगरला एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशा फिरत्या ड्युट्या. वीकली ऑफ मी शक्यतो रविवारी मागून घ्यायची. त्या दिवशी पाचला उठून मटण शिजवायचं. आठला संडे स्कूलची मुलं, साडेनऊला उपासना, तिथेही मी क्वायरमध्ये. मग महिला मंडळाची मीटिंग, तिची मी सेक्रेटरी. घरी पोचायला दोन. जेवणं, मुलांचे युनिफॉर्म, इस्त्री. सहाला कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा. सोमवारी वॉर्डात पाय ठेवताना मी शनिवारपेक्षा जास्त थकलेली असायचे.

डिसेंबर २०१८ मध्ये ते अंगाशी आलं. नाताळचे दिवस. रात्री कॅरोलच्या फेऱ्या, दिवसा करंज्या-शंकरपाळ्या आणि मध्ये नाइट ड्युटी. एका सकाळी नाश्त्याआधीचं इन्सुलिन भरत होते. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं, एका मिलिलिटरला चाळीस युनिट आणि शंभर युनिट. सिरिंजाही वेगळ्या. चाळीसची लाल टोपणाची, शंभरची केशरी. मी कुपी घेतली शंभरची आणि सिरिंज लाल. दहाच्या खुणेपर्यंत औषध ओढलं. म्हणजे प्रत्यक्षात पंचवीस युनिट. पेशंट सत्तरीचे आजोबा होते.

दुसऱ्या सिस्टरने तपासल्याशिवाय इन्सुलिन द्यायचं नाही असा आमचा नियम आहे. तिने सिरिंज बघितली, कुपी बघितली, सिरिंज टाकून दिली आणि केशरी टोपणाची आणली. मग मला विचारलं, "सिस्टर, सलग आठ तास झोप कधी झाली शेवटची?" मला आठवेना. झालेला प्रकार मी इन्चार्जना लेखी दिला आणि लिननच्या खोलीत जाऊन रडले. आजोबांना काही झालं नाही. पण ते घरी जाईपर्यंत माझी त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

जानेवारीत ठरवलं, रविवारी फक्त उपासना आणि विश्रांती. घरात जाहीर केलं. टीव्ही नाही, मोबाइल नाही, काम नाही. पहिल्या रविवारी दुपारी इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग तसाच पडला होता आणि मी पलंगावर पडून तो मोजत होते. दुसऱ्या रविवारी धाकटी म्हणाली, "मम्मी, तू बरी नाहीयेस का?" तिसऱ्या रविवारी मोठ्याच्या हातातला मोबाइल ओढून घेतला म्हणून भांडण झालं. चौथ्या रविवारी सगळं पूर्ववत. आपल्याला हे जमणार नाही असं वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं.

माझी सिरिंज तपासणारी ती सिस्टर अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीतली. त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी सूर्यास्ताला संपतो. ती आमच्या रविवारच्या ड्युट्या घेते आणि शनिवार मोकळा ठेवते. आम्ही रविवारवाले त्यांना जरा कडक समजतो. फेब्रुवारीत एका शुक्रवारी दुपारी तिच्या घरी गेले. घर झाडूनपुसून झालेलं. भाजी, भात, डाळ तयार. युनिफॉर्म इस्त्री करून हँगरला. मुलांची दप्तरंसुद्धा भरलेली. ती म्हणाली, "शब्बाथ शुक्रवारी सकाळीच सुरू होतो गं. संध्याकाळी नुसता दिवा लावायचा."

तिचं ऐकून बायबलमधली मान्न्याची गोष्ट आठवली. ती मी संडे स्कूलला कितीदा शिकवली होती. रानात इस्राएल लोकांना रोज त्या दिवसापुरताच मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळे. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट, कारण सातव्या दिवशी तो पडायचा नाही. तरीही काहीजण सातव्या दिवशी वेचायला गेलेच आणि रिकामे परत आले. मी सहाव्या दिवशी काहीच वेचून ठेवत नव्हते. सातव्या दिवशी हात बांधून बसले की विश्रांती मिळेल असं धरून चालले होते.

मग शनिवार बदलला. ड्युटी कुठलीही असो, शनिवारचे तीन तास रविवारसाठी. युनिफॉर्म शुक्रवारी रात्रीच मशीनला. इस्त्री मोठ्याकडे, दप्तरं ज्याची त्याने भरायची. सगळ्यात अवघड होतं मटण. सासूबाईंना रविवारी मटण हवंच. भीतभीतच म्हटलं, "आई, शनिवारी रात्री करून ठेवलं तर चालेल?" त्या म्हणाल्या, "मुरलेलं जास्त चांगलं लागतं." इतकी वर्षं मी विचारलंच नव्हतं.

जबाबदाऱ्या सोडणं त्याहून जड गेलं. पाळकसाहेबांकडे गेले आणि सांगितलं, संडे स्कूल ठेवते, बाकीचं सोडते. ते स्वतः विसाव्यासाठी सोमवारी कुणाला भेटत नाहीत हे मला तेव्हा कळलं. महिला मंडळात एक काकू म्हणाल्या, "देवाच्या कामाला कसली सुट्टी?" मला लागलं. दोन महिने त्यांच्याशी नीट बोलता आलं नाही. माझ्या जागी आलेली मुलगी मिनिट्स माझ्यापेक्षा नेटक्या लिहिते, हेही पचवावं लागलं.

पाळकसाहेबांनी मला बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा पाचवा अध्याय वाचायला सांगितला होता. दहा आज्ञा निर्गम या पुस्तकातही आहेत, पण तिथे शब्बाथाचं कारण सृष्टीची निर्मिती आहे. अनुवादात कारण आहे मिसरातली गुलामी. तुम्ही स्वतः दास होता, म्हणून तुमच्या दासदासींनाही तुमच्यासारखाच विसावा मिळू दे, असा त्याचा भाव आहे. वाचलं आणि आमच्या मावशी डोळ्यांसमोर आल्या. अकरा वर्षं त्या रविवारीही आमच्याकडे भांडी घासायला येत होत्या. शब्बाथ पाळला त्या तीन रविवारीसुद्धा मी त्यांना सुट्टी दिली नव्हती. हे मला कुणी दाखवून द्यावं लागलं, याची लाज अजून वाटते.

मावशींचा विचार करताना सासऱ्यांचं बोलणं आठवलं. ते मुंबईला गिरणीत होते. ८२ च्या संपानंतर नगरला परतले. ते नेहमी सांगायचे, गिरणी कामगाराला रविवार साहेबाने दिला नाही, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवला. लोखंडे सत्यशोधक. १८८४ पासून त्यांनी ही मागणी लावून धरली आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली. रविवार हा कामगारांच्या खंडोबाचाही वार. आपल्याला जो दिवस आयता मिळाला, त्यासाठी कुणीतरी झगडलंय, असं सासरे म्हणायचे. मावशींसाठी मात्र कुणी झगडलं नव्हतं. त्यांना रविवार पगारी सुट्टी दिली. आता रविवारची ताटं ज्याची त्याने विसळायची.

रविवारची ड्युटी महिन्यातून एकदोनदा लागतेच. पूर्वी त्या दिवशी वॉर्डात अपराधी वाटायचं. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षं कंबरेत वाकलेल्या बाईला येशूने शब्बाथालाच बरं केलं. आजारी माणसाची कूस बदलणं मला आता शब्बाथाच्या आड येणारं वाटत नाही. पण अशा आठवड्यात विसावा बुडवायचा नाही, पुढच्या ऑफला घ्यायचा. तो दिवस आधीच कॅलेंडरवर लिहिते, नाहीतर बँकेची आणि गॅसची कामं तो खाऊन टाकतात.

आमचा रविवार अजूनही पुस्तकातल्यासारखा नसतो. मोबाइलची बंदी मी काढली, फक्त जेवताना तो कपाटावर असतो. दुपारी मी झोपते. उठल्यावर सासूबाई आणि मी अंगणात चहा घेतो, त्या जुन्या गोष्टी सांगतात. डिसेंबरमध्ये मात्र अजून घसरते. गेल्या नाताळात सलग दोन रविवार गेले, आणि सोमवारी औषधं भरताना मी शेजारच्या सिस्टरला प्रत्येक सिरिंज दोनदा दाखवली.

सुट्टी मिळाल्यानंतरच्या तिसऱ्या सोमवारी मावशी उशिरा आल्या. पिशवीतून बोरं काढून ओट्यावर ठेवली. भिंगारला बहिणीकडे गेल्या होत्या. "रविवारी ती घरी असते," म्हणाल्या. "मला कुठं जायला जमत होतं?"