पिवळ्या पट्टीच्या मागे मागे

नॅसकारमध्ये नवख्याच्या गाडीला मागे पिवळी पट्टी असते. थोडक्यात, आपला ‘एल’ बोर्ड! २०२५ चा असाच एक नवखा म्हणजे न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिस्बर्गन, ऑस्ट्रेलियात तीनदा सुपरकार्स चॅम्पियन. नोकरी सोडून मीही पुन्हा फ्रेशर झालो होतो, म्हणून त्याच्या मागे लागलो.

डेटोनाचं ३१ अंशांत कललेलं वळण जवळून बघा, भिंतच वाटते. अशा ओव्हलवर तो चाचपडायचा. वळणावळणाचे ट्रॅक मात्र त्याचे: मेक्सिको सिटी, शिकागो, सोनोमा, वॉटकिन्स ग्लेन. चारही जिंकले. सप्टेंबरात ब्रिस्टलच्या ओव्हलवर प्लेऑफमधून आउट. म्हटलं, संपलं! तीन आठवड्यांनी शार्लटच्या रोव्हलवर पठ्ठ्या पुन्हा पहिला. किताब तर हातचा गेलाच होता, तरीही.

त्या रात्री जुन्या बॉससाठी लिहून ठेवलेला मेल मी डिलीट केला.