देवमासा किती वाजता?

आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावर हुसाविक नावाचं एक गाव आहे. मला हे ठाऊक असण्याचं काहीएक कारण नव्हतं. पण आमचे मेहुणे गेल्या वर्षी तिथे जाऊन आले आणि मेहुणे जिथे जाऊन येतात त्या गावाचा भूगोल आम्हाला तोंडपाठ करावाच लागतो. हे मूळचं मच्छीमारांचं गाव १९९५ पासून देवमासे दाखवण्याच्या धंद्यात पडलं. तीन तास बोटीतून हिंडवतात, अंगावर रजईएवढा डगला चढवतात, परतताना गरम चॉकलेट आणि दालचिनीचा पाव देतात. आणि देवमासा दिसलाच नाही तर पुढची फेरी फुकट!

मेहुण्यांना दिसला. एक नव्हे, चार दिसले. त्या चार देवमाशांचे तीनशे बारा फोटो त्यांनी आमच्याच टीव्हीला फोन जोडून आम्हाला दाखवले. त्यातल्या दोनशे नव्वद फोटोंत नुसतं पाणी होतं. "आत्ता होता, आत्ता खाली गेला," असं ते प्रत्येक फोटोला सांगत. फोटोग्राफी मलाही जमत नाही, पण मी काढलेल्या गणपतीच्या फोटोत निदान गणपती तरी असतो.

तिथे म्हणे "तो बघा, तो बघा" असं ओरडत नाहीत. बोट म्हणजे घड्याळ समजायचं. बोटीचं नाक म्हणजे बारा, उजवा हात तीन, शेपूट सहा. वाटाड्या नुसतं "तीन वाजता!" म्हणतो आणि सगळे उजवीकडे धावतात. वहिनींनी पहिल्यांदा "तीन वाजता देवमासा" ऐकलं तेव्हा मनगटावर पाहिलं. अडीच झाले होते. अजून अर्धा तास आहे म्हणून त्या आत जाऊन बसल्या. चारांपैकी त्यांना तीनच दिसले ते यामुळे.

याच देशानं २०२२ साली शंभरावर फिन जातीचे देवमासे मारले, हे मी कुठेसं वाचलं होतं. ते बोलून दाखवलं. मेहुणे म्हणाले, "ते खातं वेगळं."

"आपल्याकडे नाहीत का रे दादा देवमासे?" आमच्या हिनं विचारलं.

"आपल्याकडे बोंबील!" मेहुणे म्हणाले आणि पोट धरून हसले.

हे मात्र मला लागलं. बोंबलाबद्दल कुणी असं बोललेलं मला खपत नाही. मी वाचायला बसलो आणि सापडलं ते असं की, आहेत! २०१५ च्या मे महिन्यात सिंधुदुर्गात, कुणकेश्वरजवळच्या समुद्रात, संशोधकांना चक्क निळा देवमासा दिसला, तोही पिल्लासकट. २०१६ च्या जानेवारीत ब्राइड्स जातीचा एक मेलेला देवमासा जुहूच्या वाळूवर येऊन पडला आणि त्याला बघायला मुंबई लोटली. जिवंतपणी कुणी विचारलं नसतं.

सगळ्यात आवडले ते अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे. जगभरचे हंपबॅक उन्हाळ्यात थंड पाण्यात आणि थंडीत ऊबदार पाण्यात, असे वर्षातून दोनदा हजारो मैल जातात. आमचे अरबी समुद्रातले तेवढे उत्तरेला जातच नाहीत. बारा महिने इथेच. मेहुणे कुठल्या जातीचे आणि मी कुठल्या, याचा उलगडा मला तेव्हा झाला. त्यातलीच लुबान नावाची एक मादी २०१७ च्या अखेरीला ओमानहून निघाली ती डिसेंबरात गोव्याच्या समुद्रात पोचली. नाताळात गोवा गाठण्याची हौस तिकडेही आहे.

आम्ही बोरिवलीच्या बाजूला गोराई वसाहतीत राहतो. पण खरी गोराई खाडीपलीकडे. तिथल्या मावशींकडून आमची ही वीस वर्षं मासळी घेते. मावशींचे यजमान नाखवा. त्यांना गळ घातली आणि फेब्रुवारीतल्या एका पहाटे आम्ही चौघं त्यांच्या होडीत चढलो. मेहुणे आइसलँडचं जाकीट घालून आले होते. गरम चॉकलेटच्या जागी हिनं थर्मासमधून चहा घेतला होता.

"दिसला नाही तर पुढची फेरी फुकट का?" मेहुण्यांनी चढताचढता विचारलं.

"शेठ," नाखवा म्हणाले, "मला मासळी नाय मिळाली तर डिझेल फुकट देतं का कोण?"

डावीकडे तिवरं, उजवीकडे उजळत चाललेला पॅगोडा. २००९ साली हा उघडला. विपश्यनेच्या शिबिरात मौन पाळतात आणि सुरुवातीचे दिवस नुसतं आपल्या श्वासाकडे लक्ष देतात. मेहुणे मात्र मनोरीचं टोक येईपर्यंत अखंड बोलत होते. नाखव्यांनाही त्यांनी घड्याळाची पद्धत शिकवली. "नाक म्हणजे बारा," असं म्हटल्यावर नाखवा म्हणाले, "माझ्या होडीचे बारा कशाला वाजवता?"

खुल्या समुद्रात तासभर काहीही झालं नाही. मेहुण्यांनी पाण्याचे वीसेक फोटो काढले. मग नाखव्यांनी एकाएकी इंजिन बंद केलं आणि बोट ओठांवर ठेवलं. शांतता पसरली. आणि आमच्या पाठीमागे, अगदी जवळ, कुणीतरी दमून सुस्कारा टाकावा तसा आवाज आला.

फुस्स.

सहा वाजता होता. करडी पाठ, त्यावर छोटंसं मदार, आणि बाजूला तसंच एक, निम्म्या आकाराचं. किनाऱ्यालगत राहणारे हंपबॅक डॉल्फिन. देवमाशाचे चुलतभाऊच. आईनं श्वास घेतला की पिल्लू घेई. तिचा मोठा फुस्स, त्याचा बारका. या प्राण्यांना श्वास आपसूक येत नाही, आठवणीनं घ्यावा लागतो. म्हणून झोपतानाही त्यांचा अर्धा मेंदू जागा असतो. सात-आठ वेळा वर आले आणि गेले. मेहुण्यांचा फोन हातातच राहिला होता. वहिनींना या खेपेला सगळं दिसलं.

परतताना मेहुण्यांनी विचारलं, "जाळ्यात सापडतात का हो हे?"

"सापडतात. चार-पाच वर्षांमागं एक सापडला. कापलं जाळं."

"कापलंत?"

"मासा असता तर नसतं कापलं. पण ह्याला वर येऊन दम घ्यावा लागतो. खाली अडकला की मेला. डोळ्यांदेखत बुडणाऱ्याला कसं बुडू द्यायचं?"

असं जाळं कापलं तर सरकार जास्तीत जास्त पंचवीस हजार भरपाई देतं. २०१८ पासूनची योजना आहे, फोटोचा पुरावा लागतो. मी माझं ज्ञान पाजळलं.

"हात दोनच हायत, साहेब," नाखवा म्हणाले. "फोटो काढू का जाळं कापू?"

"मग जाळ्याचं काय केलंत?" मेहुण्यांनी विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

"अर्धं शिवलं. अर्धं नवं घेतलं. बायकोच्या पाटल्या होत्या."

मावशींच्या हातात पाटल्या नाहीत हे हिच्या लक्षात आलेलं होतं, पण "चोरांची भीती असेल" असं ती समजून चालली होती. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून हिनं मावशींशी घासाघीस करायचं सोडलं. मागतील ते पैसे मुकाट्यानं देऊ लागली. दोन दिवस मावशींनी घेतले. तिसऱ्या दिवशी टोपली खाली ठेवून त्यांनी हिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"काय गो बाय," त्या म्हणाल्या, "बरं नाय का तुला?"