कपाटं नसलेलं संग्रहालय

संग्रहालय म्हटलं की काय डोळ्यांपुढे येतं? काचेची कपाटं आणि 'हात लावू नये' अशी पाटी! पण आफ्रिकेतल्या नामिबिया देशात मी नि माझी भाची एका वेगळ्याच संग्रहालयात गेलो. तिथे झाडं, वाळू, गवताच्या झोपड्या आणि चक्क माणसं!

हे ग्रासहुक गावचं 'जिवंत संग्रहालय'. २००४ साली सुरू झालं. सान लोकांपैकी जुत्वांसी मंडळीच ते चालवतात. त्यांची भाषा मोठी गमतीची बरं का! आपण हळहळताना जिभेने 'च्‌च्' करतो ना, तसे चार तऱ्हेचे आवाज त्यांच्या शब्दांत अक्षरांसारखे येतात.

कातडं नेसलेल्या एका आजोबांनी काठीच्या खाचेत दुसरी काठी उभी धरली आणि तळव्यांत रवीसारखी घुसळली. आधी धूर, मग निखारा. वाळक्या गवतात ठेवून फुंकर घातली, की पेटला जाळ! भाचीनेही करून पाहिलं. हात लाल झाले, धूर काही निघेना!

बायका शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी करत होत्या. तुकड्याला भोक पाडायचं, ओवायचं, मग घासून गोल करायचं. केवढी चिकाटी! बाणाला लावायचं विष मिळतं एका भुंगेऱ्याच्या अळीपासून. पण ते टोकाला लावत नाहीत, टोकाच्या मागे लावतात. चुकून स्वतःलाच टोचलं तर?

निघताना तेच आजोबा समोरून आले, शर्ट-पँट घालून! भाचीचा चेहरा उतरला. "मावशी, म्हणजे हे सगळं नाटकच?"

आमच्या वाटाड्याने कारण विचारलं. मी सांगताच तो हसला. "आमचे आजोबा-पणजोबा खरंच असे राहत. आता आम्ही तुमच्यासारखेच कपडे घालतो, मुलं शाळेत जातात. पण पाहुण्यांना दाखवायचं, म्हणून म्हाताऱ्यांकडून हे सारं शिकावं लागतं. त्यातून चार पैसेही मिळतात. नाहीतर आम्ही विसरूनच गेलो असतो."

गाडीत भाची बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "मावशी, आजीला जात्यावरच्या कितीतरी ओव्या येतात. मला एकसुद्धा येत नाही."

घरी परतल्यावर पहिल्याच रविवारी ती वही-पेन घेऊन आजीजवळ बसली.

तुम्ही कधी बसताय?